मेंढरांच्या वाटेवर सायकल

गावाकडे सध्या पाणंदीचा वाद पेटलाय. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात ओढ्यापासून माळापर्यंत जाणारी जुनी पाणंद रुंद करून तिच्यावर काँक्रीट घालायचं की नाही, यावर घरच्या ग्रुपवर रोज मेसेजचा पाऊस पडतो. काहींना ट्रॉली थेट शेतात न्यायची आहे. ज्यांच्या बांधाला पाणंद लागते, त्यांना हातभर जागाही सोडायची नाही. त्यातच मी स्पेनमधल्या एस्त्रेमादुरातले सायकलवरचे फोटो टाकले. अरुंद रस्ता, दुतर्फा ओकची झाडं, नजर पोचेल तिथवर एकही गाडी नाही. चुलतभावाने लिहिलं, "बघा, परदेशात निसर्ग कसा जपतात. आपल्याकडं नुसता जेसीबी." त्यावर अण्णाकाकांचा आवाजी मेसेज आला, "आरं, तुला सायकल फिरवायला मोकळी वाट पायजे, आमाला चिखलातनं बटाटा भाईर काढायचाय."

दोघांचंही म्हणणं माझ्या मनाला लागलं. ग्रुपवर मावणारं उत्तर नाही, म्हणून इथे लिहितो.

मी माद्रिदला नोकरी करतो. सलग सुट्टी मिळाली की सायकल गाडीत घालायची आणि नैर्ऋत्येला, पोर्तुगालच्या सरहद्दीकडे निघायचं. तिथे कासेरेस आणि बादाखोस हे दोन जिल्हे मिळून एस्त्रेमादुरा हा प्रांत होतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तिकडे फिरकू नये. खरे दिवस शरदातले. पहिल्या पावसाने करपलेल्या माळावर हिरवी लव येते आणि उत्तर युरोपातून क्रौंच पक्ष्यांचे थवे हिवाळ्यासाठी उतरतात. मोन्फ्राग्वेच्या राष्ट्रीय उद्यानाकडून त्रुहियोकडे जाताना वर पाहिलं की गिधाडं घिरट्या घालताना दिसतात, आणि खाली मैलोन् मैल देएसा पसरलेला असतो.

देएसा म्हणजे ओकची विरळ झाडं राखून केलेलं कुरण. मूळचं जंगल माणसाने शतकानुशतकं विरळ केलं, झाडांच्या फांद्या छाटल्या, मधल्या जागेत गुरं, मेंढरं, डुकरं चारली, अधूनमधून धान्यही पेरलं. माझ्या भावाला हा जो "जपलेला निसर्ग" वाटतो, तो मुळात राबती जमीन आहे. बुचाच्या ओकची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलतात. सोललेलं खोड आधी गेरूसारखं लाल दिसतं, मग हळूहळू काळपट होतं. त्यावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिलेला असतो, तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. सायकल हळू चालवली की एकेका राईचा हिशेब असा वाचत जाता येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून काळी इबेरियन डुकरं पडलेल्या ओकफळांवर सोडतात. मी एकदा कुंपणाला टेकून बराच वेळ पाहत राहिलो. डुक्कर फळ दाढेखाली धरतं, कट्‌कन फोडतं, गर खातं आणि टरफल थुंकून टाकतं. आजूबाजूला गाडीचा आवाज नसला की हा कटकटाट लांबूनही ऐकू येतो. २०१४ च्या सरकारी नियमानुसार काळ्या चिठ्ठीचं महाग हॅम (डुकराची खारवून वाळवलेली मांडी) फक्त शंभर टक्के इबेरियन वंशाच्या, ओकफळांवर चरलेल्या डुकराचंच असावं लागतं, आणि किती जमिनीवर किती डुकरं सोडायची हे झाडांच्या सावलीवरून ठरतं. म्हणजे झाड उभं राहिलं तर पैसा उभा राहतो. देएसा टिकला त्यामागे हा रोकडा व्यवहार आहे.

तो तरी किती टिकेल, ही तिकडची मोठी काळजी आहे. मुळं कुजवणाऱ्या रोगाने ओक उभ्या उभ्या वाळतात. जनावरं रोपं खाऊन टाकतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी म्हाताऱ्या झाडांच्या खाली तरणं झाडच दिसत नाही.

आता रस्ते रिकामे का, ते सांगतो. एक कारण सोपं आहे. सेव्हिलहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय रस्त्याला समांतर ए-६६ हा चौपदरी महामार्ग झाला, टोल नसल्यामुळे वाहतूक सगळी तिकडे गेली आणि जुना डांबरी रस्ता सायकलवाल्यांना मोकळा मिळाला. दुसरं कारण दुखरं आहे. १९६० मध्ये एस्त्रेमादुरात सुमारे १४ लाख माणसं होती, आज साडेदहा लाखांच्या आसपास आहेत. लोक माद्रिद, बार्सेलोना, जर्मनीला कामाला गेले ते परतले नाहीत. चौरस किलोमीटरमागे २५ माणसं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हाच आकडा ३६५ होता. ३१ मार्च २०१९ ला रिकाम्या झालेल्या प्रांतांतल्या लोकांनी माद्रिदमध्ये मोठा मोर्चा काढला होता. त्यांना शांतता नको होती, डॉक्टर हवा होता, शाळा हवी होती, धड चालणारी आगगाडी हवी होती. बियानुएवा दे ला सेरेनापासून लोग्रोसानकडे जाणाऱ्या ५६ किलोमीटरच्या सायकलमार्गावर पूल आहेत, स्थानकं आहेत, पण त्या मार्गावरून रेल्वे कधी धावलीच नाही. बांधकाम अर्ध्यावर सोडून दिलं. मला तो मार्ग फार आवडतो, आणि तिथल्या ओसाड फलाटावर बसून डबा खाताना दरवेळी वाटतं की आपण कुणाच्या तरी तुटलेल्या आशेवर सायकल चालवतोय.

तिसरं कारण मालकीचं. देएसा बहुतेक खाजगी आहे, आणि मोठमोठ्या जमीनदारांचा. २५ मार्च १९३६ ला बादाखोस जिल्ह्यात हजारो भूमिहीन कुटुंबांनी एकाच दिवशी जमिनींत नांगर घातले होते. काही महिन्यांत यादवी युद्ध पेटलं आणि ते सगळं रक्तात बुडालं. आजही मैलोन् मैल तारेचं कुंपण आणि खाजगी शिकारीच्या पाट्या लागतात. म्हणून भावाला माझं उत्तर असं: त्या शांततेचा हेवा करू नकोस. तिच्यात गाव सोडलेली माणसं आहेत, जमीन न मिळालेली माणसं आहेत. आमच्या माणदेशानं हीच गोष्ट मुंबईच्या गिरण्यांपासून पाहिलेली आहे.

मग त्या प्रांतात हेवा वाटावा असं काय आहे? एवढ्या कुंपणांतून मी सायकल घेऊन जाऊ शकतो, हे. कारण त्या जमिनींना छेदत मेंढरांच्या वाटा जातात आणि त्या वाटा कुणाच्याही बापाच्या नाहीत. १२७३ मध्ये राजा दहाव्या आल्फोन्सोने मेंढपाळांच्या मेस्ता या संघाला सनद दिली. उन्हाळ्यात लेओनच्या डोंगरात, हिवाळ्यात एस्त्रेमादुराच्या कुरणात, असा मेरिनो मेंढ्यांचा प्रवास चाले. सर्वांत रुंद वाटेला कान्यादा म्हणत, तिची रुंदी ९० 'वारा' (लांबीचं जुनं स्पॅनिश माप), म्हणजे आजचे सुमारे ७५ मीटर. मेस्ताने लोकरीच्या जोरावर शेतकऱ्यांना जाचही पुष्कळ केला आणि १८३६ मध्ये ती बरखास्त झाली. कळप पुढे रेल्वेने, मग ट्रकने जाऊ लागले. वाटांचं काम संपलं असं कुणालाही वाटलं असतं. तरीही १९९५ मध्ये स्पेनच्या संसदेने कायदा केला की या वाटा सार्वजनिक आहेत, त्या विकता येत नाहीत, जप्त होत नाहीत, आणि कुणी कितीही वर्षं कसल्या तरी त्याला मालकी लागत नाही. पहिला हक्क जनावरांचा, त्यांच्या जोडीने चालणाऱ्याचा, घोडेस्वाराचा आणि सायकलवाल्याचा. असं जाळं सुमारे सव्वा लाख किलोमीटरचं आहे.

ही वाट शेताच्या फाटकाशी येते तेव्हा फाटक बहुधा तारेच्या कडीने अडकवलेलं असतं. कडी काढायची, सायकल आत घ्यायची, कडी पुन्हा लावायची. मालक समोर उभा असला तरी हात वर करून "बुएनास", म्हणजे रामराम, म्हणतो. जमीन त्याची, वाट सगळ्यांची, यात त्याला काही वावगं वाटत नाही.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. हजारो किलोमीटर वाटा नांगरल्या गेल्या, डांबराखाली गेल्या, आणि हद्द कायम करण्याचं काम अजून रेंगाळतंय. माद्रिदच्या कडेला अशाच एका कान्यादावर गरिबांची अख्खी वस्ती उभी राहिली आहे, आणि तिच्या एका भागात २०२० च्या ऑक्टोबरपासून वीज नाही. आपल्याकडच्या गायरानांचा प्रश्नही याच जातीचा आहे. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले. पोटासाठी गायरान कसणारा आणि बंगल्यासाठी गायरान बळकावणारा यांना एकाच मापाने मोजलं तर अन्याय होतो. पाणंदीचं तसं नाही. पाणंद कोरणारा भूमिहीन नसतो. त्याचं शेत शेजारीच असतं.

बांध कोरणं म्हणजे काय, हे अण्णाकाकांना मी सांगायला नको. दरवर्षी नांगराचं एक तास पलीकडे सरकतं. आधी घाणेरी जाते, मग बोरी-बाभळी, मग करंजाची मुळं उघडी पडतात आणि वादळात ते झाड आपोआप गेलं असं म्हणायला सगळे मोकळे. माझ्या लहानपणी त्याच पाणंदीने दिवाळीनंतर धनगर कोकणाकडे जायचे. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी, मागे मेंढरांचा लोट. आजोबा त्यांना रात्री शेतात मेंढरं बसवायला सांगायचे आणि सकाळी बदल्यात ज्वारी द्यायचे. आता ते कळप डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या हॉर्नमधून जातात. पाणंदीच्या वादात त्यांचं नाव मी एकदाही वाचलं नाही.

काका, तुमचा बटाटा बाहेर निघालाच पाहिजे. त्यासाठी मी वाद घालणार नाही. पण वाट अरुंद का झाली, तर ती कोरली गेली म्हणून. गावच्या नकाशावर ती तुटक रेषांनी दाखवलेली आहे. अडवलेली वाट मोकळी करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, बांधावरून रस्ता मिळवायला महसूल संहितेचं कलम १४३ आहे, आणि २०२५ मध्ये सरकारने शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कात घ्यायचं ठरवलंय. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेतून पैसेही मिळू शकतात. कायद्याच्या बाबतीत आपण स्पेनपेक्षा फार मागे नाही. आपल्याकडे आधी काँक्रीट ओततात आणि मोजणी राहून जाते. मग जो अरुंद पट्टा उरला तीच पाणंद ठरते आणि कोरलेलं कायमचं पचतं.

म्हणून माझं म्हणणं ग्रामसभेपुढे मांडा. आधी मोजणी करून हद्दीचे दगड रोवा. ट्रॉली जाईल एवढ्या रुंदीला खडी-मुरूम दाबून घ्या, चढावर आणि ओढ्याच्या उतारावर वाटलं तर काँक्रीट करा. उरलेली एक बाजू मातीची ठेवा, मेंढरं आणि बैलं तिथून चालतील, शाळेची पोरं सायकली तिथून काढतील. उभे असलेले करंज मोजून पंचनाम्यात लिहा. मोजणीची फी मी आणि पुण्यातला दादा मिळून भरतो, तसं त्याच्याशी बोलून झालंय. अर्जावर सह्या मात्र गावात राहणाऱ्यांच्याच लागतील.