गरुड चोच फोडून घेत नाही

"ताई, पाच महिने वर्कशॉप बंद ठेवायचं म्हणतोय. गरुड नाही का जात डोंगरावर?" गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. वय 41, भोसरीत दोन सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारी, धातूचे भाग कापणारी), बँकेचे हप्ते चालू. मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज याने मनावर घेतला होता. म्हणून हे लिहितेय.

मेसेज तुम्हालाही आला असेल. गरुड 70 वर्षं जगतो, पण चाळिशीत त्याची चोच वाकते, नख्या निकामी होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर एकटा बसून खडकावर आपटून चोच तोडतो, नव्या चोचीने नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं. 150 दिवसांनी 'पुनर्जन्म' आणि आणखी 30 वर्षं आयुष्य. तुम्हीही सगळं सोडा, वेदना सोसा, नव्याने या!

70 वर्षं कुठून आणली? न्यूयॉर्क राज्यात 1977 साली एका पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या पायात कडं घातलं होतं. 2015 मध्ये तो गाडीच्या धडकेने मेला, तेव्हा 38 वर्षांचा होता. रानातल्या या जातीत इतकं वय म्हणजे विक्रम.

चोचीचं मात्र नीट ऐका, सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. चोचीचं वरचं कवच आपल्या नखांसारखं केराटिनचं. ते आयुष्यभर वाढतं आणि वापराने झिजतं. पण आत हाड असतं, ते तुटलं की गेलं. 2005 साली अलास्कात एक मादी गरुड सापडली, तिला पुढे 'ब्यूटी' नाव मिळालं. गोळी लागून वरची चोच उडालेली. मांस तोडता येईना, धड पाणी पिता येईना, भुकेने मरायला टेकली होती. माणसांनी हाताने भरवलं म्हणून जगली. पाच महिने सोडाच, पुढच्या काही वर्षांतही तिची चोच धड परत आली नाही. शेवटी थ्रीडी प्रिंटरवर कृत्रिम चोच बनवून बसवावी लागली. आणि आमचे मामा म्हणतात, गरुड ती स्वतःहून फोडतो!

पिसं बदलतात, हे खरं. पण थोडी थोडी गळतात आणि थोडी थोडी येतात, त्यामुळे उडणं नि शिकार चालूच राहते.

चाळिशीत जरा थांबून बघावं लागतं, हेही कबूल. पण पाच महिने शटर खाली म्हणजे ऑपरेटर दुसरीकडे, ऑर्डर दुसरीकडे, हप्ते मात्र दर महिन्याला दारात. भावाला म्हटलं, गुरुवारी सुट्टीच असते, रिजेक्शनची, म्हणजे बाद मालाची, वही घेऊन बस.

दोघं बसलो. तीन आठवड्यांच्या नोंदी. प्रत्येक बाद जॉबपुढे, म्हणजे मशीनवर बनवलेल्या भागापुढे, वेळ लिहिलेली: दोन, सव्वादोन, परत दोन. जवळजवळ सगळे जेवणाच्या सुट्टीनंतरचे. तेवढ्यात मशीन थंड पडतं, साईज 20 मायक्रॉनने (0.02 मिलिमीटर) हलते आणि पोरं सकाळच्याच ऑफसेटवर, म्हणजे मशीनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीवर, काम रेटतात. आता सुट्टीनंतर मशीन दहा मिनिटं रिकामं फिरवतात, पहिला जॉब मोजतात, मगच पुढचा लावतात.

येत्या गुरुवारी उधारीची वही काढायची आहे.