‘बालवाडीत नुसतं खेळवतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळाप्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या गटांमध्ये एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. मेंदूची नव्वद टक्के वाढ पाच वर्षांच्या आत होते, म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच लिहा-वाचायला बसवा. चांगल्या बालवाडीतलं मूल चौथ्या वर्षी शंभरपर्यंत अंक म्हणतं, अक्षरं काढतं. खेळातून शिक्षण हे नवं खूळ आहे. ठोकळे आणि मातीचे खेळ काय, घरीही होतात. शेवटी सल्ला : मुलाची वही बघा, कोरी असेल तर शाळा बदला.

मी याच वयाच्या मुलांना शिकवते. हा मेसेज वाचून चांगले, समजूतदार पालक घाबरतात आणि त्या भीतीची किंमत तीन-चार वर्षांचं मूल मोजतं. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

अंकांपासून सुरुवात करू, कारण पालकांना सगळ्यात जास्त भुरळ त्यांचीच पडते. अंक ओळीने म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. वीसपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या एखाद्या तीन-साडेतीन वर्षांच्या मुलापुढे पाच बुचं ठेवा आणि मोजायला सांगा. एक, दोन, तीन, चार, पाच. बोटही नीट फिरतं. आता विचारा, ‘मग किती बुचं आहेत?’ या वयाची बरीच मुलं पुन्हा एकपासून मोजायला लागतात. ‘मला तीन दे’ म्हटलं तर मूठभर उचलून तुमच्या हातावर ठेवतात. शेवटी म्हटलेला अंक म्हणजे सगळ्या बुचांची संख्या, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं.

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच अंक. अंकांचा क्रम ठरलेला. शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या. मोजायची वस्तू कुठलीही चालते. आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी संख्या तीच येते. पाठांतराने यांतलं फार तर दुसरं पदरात पडतं. बाकीची चार हाताळण्यातून येतात. गोलात बसायच्या वेळी आसनं मांडायचं काम आम्ही मुलांकडेच देतो. सहा जण उभे आहेत आणि आसनं पाच, हे लक्षात आल्यावर मांडणारी मुलगी एकेकाकडे बोट दाखवत पुन्हा फिरते, थबकते आणि म्हणते, ‘ताई, अजून एक लागेल.’ ‘एक कमी’ हे तिनं स्वतः शोधून काढलेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र मुलं आसनांशी खेळताना दिसतात. सीगलर आणि रमाणी या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ मधल्या प्रयोगात मुलांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटी पुढे सरकवण्याचा खेळ दिला होता. दोन आठवड्यांतल्या मोजक्या छोट्या बैठकांनी त्यांची संख्यांची समज वाढली आणि काही आठवड्यांनी तपासलं तेव्हाही ती टिकून होती. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांना तसा फायदा झाला नाही. म्हणजे खेळ निवडावा लागतो, आणि तो निवडणं हेच ताईचं काम आहे.

‘नव्वद टक्के मेंदू’ हा मुद्दा थोडक्यात आटपतो. पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या साधारण नव्वद टक्के होतो, हे खरं आहे. पण तो आकार झाला. त्याचा अर्थ नव्वद टक्के शिकून झालं असा होत नाही. मन आवरणं, आधी विचार करून मग कृती करणं मेंदूच्या ज्या कपाळामागच्या भागावर अवलंबून असतं, त्याची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. आणि सुरुवातीची वर्षं मोलाची आहेत म्हणून ती गिरवण्यात घालवावीत, हे तर त्यातून मुळीच निघत नाही.

आता लेखन. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती बहुतेक कूर्चेचीच असतात आणि मग एकेक करून टणक होत जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांतली काही अजून टणक व्हायलाही लागलेली नसतात. आकार काढण्याची क्षमताही क्रमाने येते : सर्वसाधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, मग चौकोन आणि त्यानंतर तिरप्या रेघांचा त्रिकोण. ज्याला अजून तिरपी रेघ जमत नाही त्याच्याकडून पानभर अक्षरं काढून घेतली, तर मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून जोर लावतं आणि चुकीची पकड पक्की होऊन बसते. ती सोडवायला पुढे किती त्रास होतो ते पहिलीच्या शिक्षकांना विचारा. माती मळणं, मणी ओवणं, कात्रीनं कापणं, चिमटा दाबून कापसाचे गोळे उचलणं, उभ्या फळ्यावर रंगवणं ही सगळी लेखनाचीच तयारी आहे. यावर कुणी म्हणेल, इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींच्या वर्गात चार-पाच वर्षांची मुलं लिहीत होतीच की! होती. पण त्याआधी महिनोन्‌महिने ती वर छोटी मूठ असलेले लाकडी दंडगोल तीन बोटांनी उचलून खाचांत बसवत होती आणि खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. पेन्सिल त्यानंतर आली.

वाचनाचंही तसंच. अक्षर ओळखण्याआधी शब्दातला आवाज वेगळा ऐकू यावा लागतो. ‘पान, पाणी, पाटी, माठ... यांतलं कोण वेगळं?’ हा आमच्याकडे रोजचा खेळ असतो. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चार-पाच वर्षांच्या वयात यमक आणि सुरुवातीचे आवाज चांगले ओळखणारी मुलं पुढे वाचनात सरस ठरतात. बडबडगीताला वेळ घालवणं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लवकर सुरुवात केली की मूल कायमचं पुढे राहतं, ही समजूतही तपासून झालेली आहे. न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट या संशोधकांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचायला शिकलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत उशिरा शिकलेल्यांनी बाकीच्यांना गाठलं होतं.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला अनुभव तर प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. तिथल्या सरकारी बालवर्गांत चिठ्ठी टाकून प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांचा सहावीपर्यंत मागोवा घेतला गेला. बालवर्गाच्या शेवटी प्रवेश मिळालेली मुलं पुढे होती. सहावीत पोचेपर्यंत त्यांचेच गुण कमी भरले आणि शिस्तीच्या तक्रारीही जास्त आल्या. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. कारण कोणतं, हे त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. पण सुरुवातीची आघाडी टिकतेच असं नाही, एवढं तरी त्यातून निर्विवाद दिसतं.

‘नवं खूळ’ या आरोपाला उत्तर फक्त दोन तारखांचं. बालवाडीची कल्पना मांडणारे फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी चेंडू आणि लाकडी ठोकळे घेऊन जर्मनीतल्या ब्लँकेनबुर्ग इथे १८३७ मध्ये काम सुरू केलं. मारिया माँटेसोरींचं पहिलं बालगृह रोममध्ये १९०७ साली उघडलं.

‘खेळ घरीही होतो.’ हो, आणि व्हायलाच हवा. पण घरी मोठी माणसं मुलापुढे आपला हट्ट सोडून देतात. बरोबरीचं मूल सोडत नाही. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात लांब फळी एकच असते. एकाला तिचा पूल करायचा असतो, दुसऱ्याला घसरगुंडी. ओढाओढ होते, रडू येते. मी जवळ जाऊन बसते, पण निकाल देत नाही. ‘तुला कशाला हवी? आणि तुला?’ एवढंच विचारते. बराच वेळ दोघं फळीचं एकेक टोक धरून बसतात. मग एक जण आपलं टोक ठोकळ्यांवर टेकवतो, फळी तिरपी होते आणि दुसरा म्हणतो, ‘पुलावरून गाडी खाली येऊ दे.’ आपलं म्हणणं शब्दांत सांगणं, दुसऱ्याचं ऐकणं, रडू आवरून पुन्हा विचार करणं, आणि उंची वाढवली की गाडी जास्त वेगाने येते हे पाहणं, सगळं त्या एका फळीपाशी झालं. भातुकलीतही हेच. डॉक्टर झालेलं मूल रांग मोडून सुई देत नाही, कारण डॉक्टर तसं करत नाहीत. खेळात मूल स्वतःहून नियम पाळतं आणि स्वतःच्या लहरीला मुरड घालतं, हे रशियन मानसशास्त्रज्ञ विगॉट्स्की यांनी १९३३ मध्येच नेमकं सांगितलं होतं.

एका बाबतीत मेसेज लिहिणाऱ्याची शंका रास्त आहे. खेळणी ओतून द्यायची आणि ताईनं फोन घेऊन बाजूला बसायचं, असे वर्ग आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. खेळात मोठ्या माणसाचं लक्ष, योग्य वेळी एखादा प्रश्न, आदल्या दिवशीचं पाहून आज मांडलेलं साहित्य हे नसेल तर शिकणं मुलाच्या नशिबावर सोडल्यासारखं होतं.

राहिली वही. भरलेल्या वहीत बऱ्याचदा ताईचा हात मुलाच्या हातावर असतो, हे कुणी सांगत नाही. वहीऐवजी तारीख घातलेली चित्रं मागा. जूनमधलं माणूस आणि डिसेंबरमधलं माणूस शेजारी ठेवून बघा, हातपाय कुठून फुटले, बोटं कधी आली. वर्गात अर्धा तास बसू देतात का, विचारा. आणि ताईला तीन प्रश्न करा : माझं मूल सध्या कुणाबरोबर खेळतं, कशात अडतं, आणि त्यासाठी तुम्ही या आठवड्यात काय मांडलंत? याची उत्तरं तिच्याकडे नसतील, तर मात्र शाळा बदलण्याचा विचार जरूर करा, वही भरलेली असली तरीही.