साठ ते ऐंशी हा ‘सर्वात उत्पादक काळ’? त्या मेसेजला उत्तर

‘साठी बुद्धी नाठी’ ऐकून ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, त्यांना तो मेसेज आवडावा यात नवल नाही. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर तो वर्षातून तीन-चारदा तरी फिरून येतो. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मोठ्या संशोधनानुसार माणसाच्या आयुष्यातला सर्वात उत्पादक काळ म्हणजे साठ ते सत्तर, त्याखालोखाल सत्तर ते ऐंशी, आणि पन्नास ते साठचा नंबर तिसरा. पुरावा म्हणून नोबेल मिळवणाऱ्यांचं सरासरी वय ६२, बड्या कंपन्यांच्या प्रमुखांचं ६३ आणि पोपचं ७६. तळाशी संदर्भ: ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’, खंड ७०, पान ३८९, साल २०१८.

मी तो वाचून सोडून देत असे. पण गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरचे काका मोबाइल घेऊन दारात उभे राहिले. वय ७१, गणिताचे निवृत्त शिक्षक, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. म्हणाले, “अरे, इथे लिहिलंय की हा सगळ्यांचा बहराचा काळ. मला शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. माझंच काय चुकलं?” तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही.

आधी तो संदर्भच बघू. या नियतकालिकाचे वर्षाला दोन खंड निघतात. २०१८ साली खंड ३७८ आणि ३७९ चालू होते. खंड ७० त्या वर्षी असूच शकत नाही. म्हणजे ज्या कागदावर ही इमारत उभी आहे, तो कागदच नाही. इथे थांबलो तरी चालेल, पण लोक म्हणतात, “संदर्भ चुकला असेल, मुद्दा तर खरा आहे ना?” म्हणून पुढे.

नोबेलचं वय. पारितोषिक मिळतं ते वय आणि काम केलं ते वय, यांत कित्येकदा अर्धं आयुष्य जातं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० साली बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. मरणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हे गणित त्यांनी त्या प्रवासात मांडायला घेतलं. ताऱ्यांवरच्या कामाबद्दल नोबेल जाहीर झालं १९८३ मध्ये, त्यांच्या त्र्याहत्तराव्या वाढदिवशी. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचा शोधनिबंध १९६४ चा, वय ३५. पारितोषिक २०१३ मध्ये, वय ८४. मेसेज लिहिणाऱ्याने पेरणीचं वय सोडून मळणीचं वय मोजलं आहे. वय झाल्यावर मोठं काम करणारे शास्त्रज्ञ नसतातच असं मुळीच नाही. पण नोबेलच्या सरासरी वयातून ते सिद्ध होत नाही, एवढंच.

कंपन्यांचे प्रमुख आणि पोप यांच्याबद्दल फार लिहायला नको. ज्या खुर्चीपर्यंत पोचायलाच तीस वर्षं लागतात, तिच्यावर तरुण बसलेला दिसणार नाही. रांगेचं वय आणि बुद्धीचं वय वेगळं. पोपचं पद तर बहुतेक मृत्यूपर्यंत असतं. तिथेही सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१३ मध्ये, ८५ व्या वर्षी, वयामुळे शक्ती उरली नाही असं सांगून पद सोडलं. मला तो निर्णय फार सन्मानाचा वाटतो.

आपल्याकडच्या आवृत्तीत हमखास महर्षी कर्वे जोडलेले असतात. महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ साली, ५८ व्या वर्षी सुरू केलं, सत्तरीनंतर जगप्रवास केला आणि शंभराव्या वर्षी भारतरत्न स्वीकारलं. सगळं खरं. पण उदाहरणांनीच निकाल लावायचा तर ज्ञानेश्वरांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली आणि रामानुजन बत्तिसाव्या वर्षी गेले. तेवढ्यावरून कोणी विशी हाच बहराचा काळ ठरवत नाही.

मग वयाबरोबर बुद्धीचं नेमकं होतं काय? जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्मिन यांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या क्षमतांचा मिळून एक असा शिखराचा काळ त्यांना सापडला नाही. झटपट विचार करण्याचा वेग विशीच्या आतबाहेर सर्वात जास्त असतो, तर शब्दसंग्रह साठी-सत्तरीपर्यंत वाढत राहतो. काकांकडे हे रोज दिसतं. यूपीआयचा पिन टाकताना त्यांची बोटं अडखळतात, वेळ संपते, पुन्हा पहिल्यापासून. पण पेपरातलं शब्दकोडं हातात घेतलं की उभे-आडवे शब्द मी वाचेपर्यंत त्यांचे भरून झालेले असतात. म्हणजे ‘साठी बुद्धी नाठी’ही खोटं आणि हा मेसेजही खोटा.

मला सर्वात जास्त खुपतो तो ‘उत्पादक’ हा शब्द. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा (लासी, २०१७-१८) अहवाल सांगतो, की साठी उलटलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक अजून काम करतात, आणि त्यातले बहुतेक शेतीत. ही माणसं बहरात आहेत म्हणून राबत नाहीत. निराधार ज्येष्ठांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात, तेही २०२३ मध्ये १००० वरून वाढले म्हणून. आयुष्यभर कारखान्यात घाम गाळलेल्याला ईपीएस ९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत महिन्याला किमान पेन्शन १००० रुपये, २०१४ पासून तेवढंच. आमच्या गेटवरचे वॉचमन काका सदुसष्ट वर्षांचे आहेत. रात्रपाळी संपवून सकाळी रेशनच्या रांगेत उभे राहतात. हातावरच्या रेषा झिजल्यामुळे मशीनवर अंगठा उठत नाही, मग दुकानदार बोटं पुसून पुन्हा दाबायला लावतो, कधी उद्या या म्हणतो. त्यांना ‘हा तुमचा सर्वोत्तम काळ’ म्हणणं मला क्रूर वाटतं. आणि ज्याला काम होत नाही, त्याला हाच मेसेज मुकाट्याने नापास करतो.

हे सगळं परवा आमच्या मजल्यावरच्या काकांना सांगायला गेलो. त्यांनी अर्ध्यातच मला थांबवलं, पेन्सिल घेतली आणि पेपरच्या कडेला, हात थरथरत असताना, मांडणी केली. ३७८ वजा ७०, ३०८. वर्षाला दोन खंड, म्हणजे १५४ वर्षं. २०१८ मधून वजा.

“१८६४,” ते म्हणाले. “टिळक तेव्हा सात-आठ वर्षांचे!”

त्या नियतकालिकाला आजचं नावसुद्धा १९२८ मध्ये मिळालं, हे मी सांगितल्यावर ते मोठ्याने हसले. मग ग्रुप उघडून एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तो हिशोब टाइप करायला लागले. पंचवीस मिनिटं लागली. मी शेजारी बसून होतो.