पन्नाशीत घोडी घेतली, त्यावरच्या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की पन्नाशीला आलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा घोडी विकत घेणं ही नुसती हौस, ती वर्षभरात फिटेल आणि मग मुकं जनावर खुंट्याला बांधलेलं राहील, त्यापेक्षा रायडिंग क्लबात तासाचे पैसे भरून बसावं. जनावराच्या काळजीने लिहिलंय तुम्ही, म्हणून सविस्तर सांगते.

वयाचा मुद्दा आधी. नीट सांभाळलेला घोडा 25-30 वर्षं जगतो, म्हणजे मी शिंगरू घेतलं असतं तर तुमचं शंभर टक्के बरोबर होतं, माझ्या सत्तरीत त्याच्यामागे कोण धावणार? म्हणूनच 13 वर्षांची, शिकलेली, ट्रॅक्टर-डीजे-फटाके सगळं बघून शांत झालेली घोडी घेतली. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो, तिथे तिच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही, तिथे भाव पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला, उंचीला, नाचऱ्या घोड्याला. अंगावरचा केसांचा भोवरा चुकीच्या जागी आहे म्हणून सौदा मोडताना मी बघितलाय, आणि त्या घोड्याचे पाय मात्र कोणी उचलूनही बघितले नव्हते! पहिल्यांदा घेणाऱ्याने घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर सोबत न्यावा, पाय, दात, डोळे, श्वास बघून घ्यावा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्यावं, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह आलेला घोडा कायद्याने मारावा लागतो, त्यामुळे इथे ओळखीच्या माणसाचा शब्दसुद्धा धरू नये.

आता क्लबाचं. मी बसायला तिथेच शिकले, वाईट काहीच नाही, पण तिथे घोडा खोगीर घालून समोर येतो आणि उतरलं की आपला संबंध संपतो. मला नेमकं त्याच्या आधीचं आणि नंतरचं हवं होतं. घोड्याला उलटी करता येत नाही, पोट शरीराच्या मानाने लहान, दिवसभर थोडं थोडं चरायची त्याची घडण, त्यामुळे लाडाने एकदम जास्त चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, घातली तर पोटशूळ उठून जीवही जाऊ शकतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सहा-सात किलो तरी सुका चारा लागतो, धान्य त्यानंतर. सकाळी गेले की मी आधी लीद बघते, मग कुशीला कान लावते, आत गुडगुड चालू पाहिजे, दोन्ही बाजूंनी एकदम शांत असेल तर डॉक्टरला फोन, दुपारपर्यंत बघू वगैरे नाही. मग चारही खूर उचलून माती काढायची, मधल्या मऊ भागाला कुजकट वास आला तर खालची जागा ओली राहतेय हे समजायचं. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतोच. रपेट या सगळ्यानंतर, आणि कित्येकदा होतही नाही.

खुंट्याचं तुम्ही बरोबर लिहिलंत. घोडा कळपातला प्राणी, एकटा ठेवला की झुरतो, लाकूड चावायला लागतो. म्हणून ती माझ्या घरामागे नाहीये, गावातल्या एका पागेत आणखी दोन घोड्यांबरोबर मोकळी असते, त्याचे महिन्याला पैसे देते. खरेदीची किंमत एकदाच लागते दादा, चारा-नालबंद-डॉक्टर हा खर्च मात्र तिच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा आहे, आणि तिच्यावर बसता येईनासं झालं तरी तो चालूच राहणार हे धरूनच मी घेतली. मला काही झालं तर ती भाचीकडे जाईल, बाजारात जाणार नाही, हे पागेवाल्यांशी बोलून कागदावर केलंय. भाची आत्तापासून खरारा करायला येते.

आणि चाळिशी-पन्नाशीतलं आणखी कोणी मनात धरून हे वाचत असेल तर घाई नको, आधी कोणाच्या तरी पागेत एक अख्खा पावसाळा काम करा, चिखलात, गोमाश्यांत, ओला चारा उलटसुलट करत, आणि तरीही सकाळी जावंसं वाटलं तर मग घोडी बघायला लागा.