पोलिसांनी नुसती मागितली म्हणून रुग्णाची फाईल देता येत नाही

‘पोलिसांना वॉरंट लागत नाही, त्यामुळे त्यांनी मागितली की हॉस्पिटलला रुग्णाची फाईल द्यावीच लागते; आणि ज्याने काही केलेच नाही त्याने घाबरायचे कशाला?’ हा दावा मुंबईतल्या व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरत असतो. त्याची सुरुवात खरी आहे, म्हणून पुढचे चुकीचे भागही खपून जातात.

वॉरंट बहुधा लागत नाही, हे मान्य. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ९४ नुसार पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, म्हणजे मुंबईत वरिष्ठ पोलीस निरीक्षक, तपासासाठी लागणारे कागद मागवू शकतो. पण त्यासाठी लेखी आदेश काढावा लागतो. वॉरंटविना झडती घ्यायची तरी कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. नर्सिंग होमच्या काउंटरवर येऊन मोबाइलवर केसपेपरचे फोटो काढू पाहणाऱ्या शिपायाकडे असा आदेश नसेल, तर त्याला नम्रपणे नकार देणे हे तपासात अडथळा आणणे नव्हे.

‘डॉक्टरने पोलिसांना सगळे सांगायचेच असते’ हेही खरे नाही. बलात्कार किंवा ॲसिडहल्ल्यातील पीडितेवर उपचार करणाऱ्या रुग्णालयाने पोलिसांना ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे, परंतु घटना कळवणे वेगळे आणि संपूर्ण फाईल हवाली करणे वेगळे. एचआयव्हीची माहिती उघड करण्याची सक्ती २०१७ च्या कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय करता येत नाही. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताबाबत पोलिसांना कळवतानाही, तिने व पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने तिची ओळख देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

मला सर्वांत खटकते ते पुढेच आहे. त्याच संहितेत टपाल खात्याच्या ताब्यातील पत्रांना कलम ९४ मधून वगळले आहे. ती मिळवायला कलम ९५ नुसार जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचा आदेश लागतो. म्हणजे सीएसएमटीजवळच्या जीपीओत पडलेले माझे पत्र वरिष्ठ निरीक्षक केवळ स्वतःच्या सहीने मागवू शकत नाही, पण माझ्या मानसोपचाराच्या किंवा गर्भपाताच्या नोंदी मागवण्याचा आदेश मात्र स्वतःच्या सहीने काढू शकतो. ही विसंगती कायद्यात दुरुस्ती करून दूर केलीच पाहिजे.

राहिला ‘घाबरायचे कशाला’ हा प्रश्न. लोकलमधून पडून जखमी झालेल्या एखाद्या बाईने काहीच केलेले नसते. लोहमार्ग पोलिसांना तिच्या जखमांची नोंद, दाखल झाल्याची वेळ आणि एक्स-रे पुरेसे असतात. मात्र त्याच फाईलमध्ये तिचा जुना गर्भपात, झोपेच्या गोळ्या आणि नवऱ्याला न सांगितलेली एखादी तपासणीही लिहिलेली असते. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितले, तेव्हा त्यावर येणारा निर्बंध गरजेच्या प्रमाणातच असावा, हेही सांगितले होते. त्यामुळे रुग्णालयाने लेखी आदेश वाचून त्यात मागितलेली पानेच द्यावीत, आदेशाची प्रत जपून ठेवावी आणि ‘सर्व रेकॉर्ड’ असे मोघम लिहिलेले असेल, तर नेमके काय हवे ते लेखी विचारावे.