काकू आणि तीन नंबरचं बटण

कालचा सॉस फ्रिजमध्ये आहे, राग अजून डोक्यात. साधी कृती होती. काळी ऑलिव्ह १०० ग्रॅम, साध्या पाण्यात वीस मिनिटं. तेवढ्यात जास्तीचा खारटपणा उतरतो, वेगळं मीठ लागत नाही. बाटलीवर 'बिनबियांची' लिहिलेलं असलं तरी प्रत्येक फळ चिमटून बघायचं, कारण चुकून राहिलेली एक बी पात्याची वाट लावते. (बाटलीवर दोन वजनं असतात, तीही वाचा. माझ्या बाटलीवर ४५० ग्रॅम, निथळून २३०. बाकीचं खारं पाणी मी ऑलिव्हच्या भावाने विकत घेऊन मोरीत ओतलं.) चार सुकी अंजिरं गरम पाण्यात मऊ करून, एका संत्र्याचा गर, लसणाची एक पाकळी. संत्र्याच्या बिया आणि पांढरे धागे काढायचेच, ते कडू. सगळं चटणीच्या भांड्यात थांबत थांबत, भरडच फिरवायचं. दोन चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल अगदी शेवटी, भांड्याबाहेर, चमच्याने ढवळून.

पण गिरगावातल्या चाळीत दार उघडं असतं आणि मिक्सरचा आवाज हे आमंत्रण असतं.

"करवंदं खारवलीस वाटतं?" शेजारच्या काकू.

"ऑलिव्ह आहेत, काकू."

"तेच ते. इतकी काळी कशी गं? एकसारखी?"

मी भोळेपणाने सांगत बसले, की अशी गुळगुळीत काळी ऑलिव्ह बहुतेक वेळा कच्चीच तोडतात, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवून हवा खेळवतात, मग ती काळी पडतात. रंग टिकावा म्हणून फेरस ग्लुकोनेट हे लोहाचं संयुग घालतात.

"म्हणजे रंगवलेली," काकूंनी निकाल दिला. "आमच्या कोकणातली करवंदं झाडावरच काळी होतात."

यावर काय बोलणार? मी वाटी घ्यायला वळले. तेवढ्यात, "अगं, तेल राहिलं की! तू म्हणजे ना..." आणि खळखळ ओतून त्यांनी बटण थेट तीनवर नेलं. चांगली दोन मिनिटं.

आता हे तेल असं घुसळलं की त्याचे अतिबारीक थेंब होतात आणि एरवी तेलातच दडलेली पॉलिफेनॉल नावाची कडू द्रव्यं पाणेरी भागात उतरतात. जितकं तेल चांगलं, तितकं जास्त कडू. मिक्सरमध्येच घालायचं असेल तर साधं रिफाइंड घाला. काकूंना हे सांगायला मिक्सर थांबायला हवा होता.

त्यांनी बोट बुडवून चाटलं. "कडू झालंय. तुझी अंजिरं जुनी असणार."

माझी अंजिरं! आणखी दोन वाटून घातली. त्याने कडवटपणा झाकला जातो, जात नाही. लोक दुसऱ्याच्या चपला न विचारता घालत नाहीत, मिक्सर मात्र सार्वजनिक.

काकू तोवर तेलाची बाटली उजेडात धरून बघत होत्या. "हे मालिशचंच ना? आमच्या केमिस्टकडे मिळतं. गुडघ्याला नेते थोडं."

आणि नेलं. बाटलीसकट.