किमतीपेक्षा हप्ता महत्त्वाचा

महागड्या फोनच्या वाढत्या मागणीचे श्रेय नुकत्याच वाचलेल्या एका लेखात महानगरांतील वाढत्या उत्पन्नाला दिले आहे, ते मला अर्धेच पटले. अमेरिकेत बहुतेक ग्राहक फोन दूरसंचार कंपनीकडूनच घेतात आणि त्याचा हप्ता मासिक बिलात मिसळून जातो. आपल्याकडे बहुसंख्य जोडण्या प्रीपेड असल्याने ती सोय नाही. तिची जागा बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांनी आणि जुना फोन बदलून देण्याच्या योजनांनी घेतली आहे. (बिनव्याजी म्हणजे बहुधा व्याज सवलतीच्या रूपाने आधीच वळते केलेले, हे कितीजण पाहतात?)

गेल्या दसऱ्याला लातूरच्या एका दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या तरुणाने आयफोनची किंमत विचारलीच नाही. ‘महिन्याला किती पडतील?’ एवढेच त्याने विचारले, जुना फोन काउंटरवर ठेवला आणि चोवीस हप्त्यांवर सही केली. २०२० च्या एप्रिलपासून मोबाइलवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क २० वरून १५ टक्क्यांवर आले. अशा ग्राहकाला या दोन्हींचा फरक हप्त्यात जेमतेम जाणवतो.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) २०२३ साली अॅपलचे दालन उघडले तेव्हाच्या रांगांची छायाचित्रे सर्वत्र झळकली, पण लातूरसारख्या बाजारातील मागणी समजण्यासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. इथे सोयाबीनचे पैसे हातात येण्याचा काळ आणि दसरा-दिवाळी यांची सांगड पाहावी लागते. शिवाय त्या तरुणाने दिलेला जुना फोन आठवडाभरात त्याच दुकानात शेजारच्या काचेत विक्रीला लागला होता, आणि त्यालाही हप्ते होते.